केडगावच्या पंडिता, माझगावचे काका आणि आपले मत

वेळ नदीच्या काठावरील तळेगाव ढमढेरे हे शिरूर तालुक्यातील जुने व मोठे गाव. येथील मतदार लोकसभेला शिरूर मतदारसंघात मत देतो. भीमा ओलांडून दौंड तालुक्यात गेले, की तेथील मतदार बारामतीचा होतो. मधल्या वर्षांत ग्रामपंचायत, विकास सोसायटी, साखर कारखाना, पंचायत समिती, विधानसभा अशा निवडणुका चालूच असतात. एक गुलाल धुऊन निघतो न निघतो तोच दुसरा उधळायची वेळ येते. २०२२ व २०२३ या दोन वर्षांत राज्यातील दोन पक्षांची चार शकले झाली आणि २०२४ च्या निवडणुकांत या पट्ट्यातील कित्येक घरांत एका ताटात जेवणारे भाऊ दोन चिन्हांच्या मागे उभे राहिले. ख्रिस्ती घरे त्याला अपवाद नव्हती. येथे कोणत्याही गावात निकाल फिरवील इतकी आपली संख्या नाही. तरीही निवडणूक आली की पुढारी आपल्या दारी येतात, धर्मगुरूंच्या भेटी घेतात आणि दफनभूमीच्या भिंतीचा विषय निघतो.

अशा वेळी आपल्यांत दोन मते ऐकू येतात. राजकारण हा चिखल आहे, श्रद्धावंताने त्यापासून दूर राहावे, हे एक. आपली संख्या थोडी आहे, तेव्हा सर्वांनी एकविचाराने एकाच पारड्यात मते टाकावीत आणि त्या बदल्यात समाजाचे काम करून घ्यावे, हे दुसरे. दोन्ही मते वरवर परस्परविरोधी असली, तरी त्यांचे मूळ एकच आहे असे आम्हांस वाटते. ख्रिस्ती माणूस हा या गावाचा पाहुणा आहे, असे दोघेही धरून चालतात. पहिला पाहुणा ओसरीवर गप्प बसतो, दुसरा यजमानाकडे आपल्यापुरते मागून घेतो. महाराष्ट्रातील ज्या ख्रिस्ती व्यक्तींनी सार्वजनिक जीवनात मोलाचे काम केले, त्यांनी स्वतःला पाहुणे मानले नव्हते. त्यांपैकी दोघांची येथे आठवण करावीशी वाटते.

पहिली व्यक्ती आपल्या अगदी शेजारची आहे. न्हावऱ्याकडून चौफुल्याच्या रस्त्याने भीमेपलीकडे गेले की केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ते हेच. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पंथात त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्या कोणत्याच पंथाच्या चौकटीत पुरत्या मावल्या नाहीत. वाँटेजच्या धर्मभगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात धर्माधिकाराविषयी जी मते आहेत, त्यांतील काही कॅथलिक वाचकाला मानवणार नाहीत. परंतु आपला विषय वेगळा आहे. सत्ताधारी आपल्याच धर्माचे असताना ख्रिस्ती नागरिकाने कसे वागावे, हा प्रश्न या मराठी स्त्रीसमोर फार तीव्रपणे उभा राहिला होता.

डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईस राष्ट्रीय सभेचे पाचवे अधिवेशन सर विल्यम वेडरबर्न यांच्या अध्यक्षतेखाली भरले. स्त्रिया प्रतिनिधी म्हणून प्रथम आल्या त्या याच अधिवेशनात, आणि त्या मोजक्या स्त्रियांत रमाबाई होत्या. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले होते व पुढल्या वर्षी ते पुण्यास हलवले. १८९३ साली सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार समितीचे राजीनामे दिले, ‘केसरी’ने कठोर टीका केली. पुण्याच्या दृष्टीने रमाबाई तेव्हापासून परक्यांच्या पक्षाच्या ठरल्या.

चारच वर्षांनी पुण्यात प्लेग आला. साथ आवरण्यासाठी सरकारने जी सक्ती केली, तिच्या हकिकती आपण शाळेत वाचल्या आहेत. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली हेही आपण जाणतो. सहसा सांगितले जात नाही ते असे, की प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांची जी हेळसांड होत होती, तिच्याविरुद्ध त्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी पत्रात रमाबाईंनी उघड पत्र लिहिले होते. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती तक्रार खोडून काढली. रमाबाईंनी मात्र शब्द मागे घेतले नाहीत. ज्या शहराने त्यांना परके ठरवले, त्याच शहरातील स्त्रियांची बाजू घेऊन त्या आपल्या सहधर्मी सत्तेविरुद्ध उभ्या राहिल्या. सदनाला मदत करणारे अनेक जण इंग्रज आणि अमेरिकन होते, हे लक्षात घेतले म्हणजे या पत्राची किंमत कळते. रमाबाई कोणत्याही पक्षात गेल्या नाहीत. पण पक्षात नसणे म्हणजे गप्प बसणे असा अर्थ त्यांनी कधी केला नाही.

दुसरी व्यक्ती आपल्याच ख्रिस्तसभेतील, आणि पूर्ण अर्थाने पक्षाच्या राजकारणातील. जोसेफ बॅप्टिस्टा, ज्यांना उभा महाराष्ट्र ‘काका’ म्हणे, यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत झाला. घराणे मूळचे उत्तनचे. त्यांनी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिक्षण घेतले, सिंधमध्ये वनखात्यात नोकरी केली, मग केंब्रिजला पदवी घेऊन ते बॅरिस्टर झाले. एखाद्या सुखवस्तू कॅथलिक घराला मुलाने आणखी काय करावे असे वाटणार?

येथे त्यांच्या समाजाची तेव्हाची स्थिती सांगितली पाहिजे. मुंबई, साष्टी आणि वसईचे हे मराठी बोलणारे कॅथलिक १८८७ साली स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेऊ लागले. ते व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष होते. गोव्याहून आणि मंगळूरहून येणारे कॅथलिक नोकऱ्यांत पुढे सरकत होते. आपण कंपनी सरकारचे सर्वांत जुने कॅथलिक प्रजाजन आहोत, हे सरकारच्या ध्यानात आणून द्यावे असा त्या नावामागील हिशेब होता. या हिशेबाला आज नावे ठेवणे सोपे आहे. ज्या समाजाची चूल सरकारी आणि रेल्वेच्या पगारावर पेटत असे, त्याने राजनिष्ठा दाखवणे स्वाभाविकच होते. धर्माधिकारीही परदेशी होते; एका अधिकारक्षेत्रात जर्मन जेझुइट, तर दुसऱ्यात पोर्तुगीज. अशा घरातून निघालेला बॅरिस्टर थेट लोकमान्य टिळकांच्या मंडळींत जाऊन बसला, याचे नवल त्या काळच्या धर्मग्रामात किती झाले असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

१९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. दोन वर्षांनी नाशिक कटाच्या खटल्यात विनायक दामोदर सावरकर यांच्या बचावासाठी जे उभे राहिले, त्यांतही ते होते. सावरकरांचे मार्ग त्यांना मान्य होते असा याचा अर्थ कोणी करू नये. आरोपीला बचाव मिळाला पाहिजे, हे त्या बॅरिस्टरचे व्रत होते. टिळक मंडालेहून १९१४ साली सुटून आले. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे त्यांच्या अनुयायांनी होमरूल लीगची स्थापना केली, तेव्हा टिळकांनी स्वतः पद घेतले नाही. अध्यक्ष झाले जोसेफ बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. क्षणभर थांबून हे दृश्य पाहावे. लीगचा कार्यभाग महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड एवढा. तिचे कार्यकर्ते बहुतेक ब्राह्मण, ‘केसरी’च्या वाचकांतील, ज्यांनी तेवीस वर्षांपूर्वी रमाबाईंना परके ठरवले त्याच वर्तुळातील. त्यांनी आपले अध्यक्षपद एका कॅथलिकाकडे दिले. त्यासाठी काकांना आपला धर्म घरी ठेवून यावे लागले नाही, आणि आपण कॅथलिकांची मते घेऊन आलो आहोत, असेही त्यांना सांगावे लागले नाही. मते त्यांच्या मुठीत नव्हतीच. लीगच्या कामासाठी ते १९१७ साली इंग्लंडला गेले आणि ब्रिटिश मजूर पक्षाच्या मंडळींशी त्यांनी संबंध जोडले.

जन्मसिद्ध हक्काची टिळकांची ती प्रसिद्ध घोषणा मूळची काकांची, असे आपल्या समाजात अभिमानाने सांगतात. या श्रेयासाठी कोणी फार झगडू नये. होमरूल लीगचे अध्यक्षपद कागदोपत्री नोंदलेले आहे. ते पुरेसे आहे.

आम्हांस त्याहून मोलाचे वाटते ते काकांचे पुढील काम. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन लाला लजपत राय यांच्या अध्यक्षतेखाली भरले. तिच्या संस्थापकांत बॅप्टिस्टा होते, आणि १९२१ साली झरिया या कोळसाखाणींच्या गावी भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष तेच होते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ हे विश्वपत्र काढून न्याय्य मजुरी आणि कामगारांचा संघटनेचा हक्क यांना ख्रिस्तसभेचे पाठबळ दिले होते. युरोपात त्यातून कॅथलिक कामगारांच्या वेगळ्या संघटना निघाल्या. काकांनी तसे काही केले नाही. गिरणीत हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती एकाच सांच्यावर काम करतात, मग संघटनाही एकच हवी, असे त्यांच्या वर्तनावरून दिसते. विश्वपत्रातील शिकवण ख्रिस्ती नावाच्या पाटीशिवाय कशी उतरवावी, याचा हा एक नमुना म्हणता येईल.

आणि हे सारे करताना ते पक्षाचे बंदेही झाले नाहीत. १९२० च्या ऑगस्टमध्ये टिळक गेले. गांधीजींच्या असहकाराची लाट आली. कायदेमंडळांवर बहिष्कार घालण्याचा मार्ग काकांना पटला नाही, आणि लाट मोठी आहे म्हणून त्यांनी आपले मत गिळले नाही. लोकप्रियतेच्या दृष्टीने हा तोट्याचा व्यवहार होता. त्यांचे मत बरोबर होते की चूक, यावर इतिहासकारांनी वाद घालावा. स्वतः आम्हांस असहकाराने सामान्य माणसाला जे धैर्य दिले, ते कायदेमंडळातील भाषणांनी दिले नसते असे वाटते. पण पक्षात राहून पक्षाशी मतभेद सांगता येतो, हे काकांनी दाखवले, आणि ते आजच्या कार्यकर्त्यांत दुर्मीळ झाले आहे. १९२५ साली ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. आज त्या पदास महापौर म्हणतात. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव आहे.

काका गेले आणि दोनच वर्षांत गठ्ठा मतांचा प्रश्न कायद्याच्या रूपाने समोर आला. १९३२ च्या जातीय निवाड्याने आणि १९३५ च्या कायद्याने ख्रिस्ती मतदारांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेत हिंदी ख्रिस्ती लोकांच्या वाट्यास तीन जागा आल्या. ख्रिस्ती उमेदवार, ख्रिस्ती मतदार. गोलमेज परिषदेत आपल्यांतच यावर दोन तट होते. कॅथलिक प्रतिनिधी पन्नीरसेल्वम यांनी स्वतंत्र मतदारसंघाची बाजू घेतली, तर प्रॉटेस्टंट नेते के. टी. पॉल आणि डॉ. एस. के. दत्त हे त्याविरुद्ध होते. कॅथलिकांची बाजू भीतीपोटी होती आणि भीती खोटी नव्हती. तरी त्या तीन जागांनी समाजाला कुंपणाच्या आत बसवले, हे म्हटलेच पाहिजे. कुंपणाबाहेरच्या १७२ आमदारांना ख्रिस्ती मतदाराची गरजच उरली नाही.

घटना समितीने ऑगस्ट १९४७ मध्ये संयुक्त मतदारसंघ स्वीकारले. मुंबई व मद्रास प्रांतांत ख्रिस्ती लोकांसाठी राखीव जागा मात्र ठेवल्या. मे १९४९ मध्ये त्याही गेल्या. अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष प्राध्यापक हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते, आणि मद्रासहून आलेले जेझुइट धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा हेही या निर्णयाच्या बाजूने होते. दोघांनी आपल्या समाजाच्या हातची जागा सोडली. शेजाऱ्याच्या सद्भावनेवर आणि घटनेतील मूलभूत हक्कांवर त्यांनी विश्वास टाकला. दौंडसारख्या रेल्वेच्या गावी ज्यांची वस्ती असे त्या अँग्लो-इंडियन समाजाला नामनियुक्त जागा पुढेही राहिल्या. घटनादुरुस्तीने त्या जानेवारी २०२० मध्ये संपल्या. १९५० पासून आपण सर्वसाधारण मतदारयादीत आहोत. आपले मत मागण्यास आलेला उमेदवार शेजाऱ्याचेही मत मागणार असतो, हे आपले संरक्षण आहे. जेथे ख्रिस्ती मतांचा गठ्ठा बांधून कोणाच्या हाती दिला जातो, तेथे १९४९ साली मोडलेले कुंपण आपणच पुन्हा घालतो.

यावर ख्रिस्तसभेची शिकवण पुरेशी स्पष्ट आहे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर केलेल्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात असे म्हटले आहे, की एकाच श्रद्धेचे प्रापंचिक एखाद्या ऐहिक प्रश्नावर प्रामाणिकपणे भिन्न निर्णयाला येऊ शकतात, आणि अशा वेळी कोणीही आपल्या मताला ख्रिस्तसभेच्या अधिकाराचा शिक्का मारून घेऊ नये. ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय पक्षाशी वा व्यवस्थेशी बांधलेली नाही, हेही तेथेच सांगितले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेने धर्मगुरूंना शासनाचे सत्तापद घेण्यास आणि पक्षकार्यात सक्रिय भाग घेण्यास मनाई केली. प्रापंचिकांना अशी मनाई नाही. उलट, त्यांनी उतरावे अशीच अपेक्षा आहे.

धर्मगुरूने मग काय करावे, असे विचारणाऱ्यांनी वसईकडे पाहावे. ‘सुवार्ता’चे अनेक वर्षे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत पुढाकार घेतला. जमीन, पाणी आणि दहशत या प्रश्नांवर सर्व धर्मांचे वसईकर एकत्र आले. सत्तेतील माणसे त्यांच्यावर रुष्ट झाली. पण त्यांनी स्वतः कोणत्या पक्षाची उमेदवारी घेतली नाही. २०२० साली धाराशिव येथे (तेव्हाचे उस्मानाबाद) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते बोलले, तेव्हाही सत्तेला न रुचणाऱ्या गोष्टी बोलले. २०२४ मध्ये ते ख्रिस्तवासी झाले. प्रभूच्या बारा प्रेषितांत रोमन सरकारचा कर गोळा करणारा मत्तय होता आणि ‘झिलॉट’ म्हणून ओळखला जाणारा शिमोनही होता. त्यांनी एका भोजनाला बसावे ही प्रभूची योजना असेल, तर धर्मग्रामात दोन चिन्हांचे कार्यकर्ते एका बाकावर गुडघे टेकतात, याची लाज कोणी वाटून घेऊ नये.

हे सर्व खरे मानले तरी शिरूर-दौंडच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांना एक प्रश्न उरतोच, आणि तो काकांच्या माथारपाखाडीत कधी आला नव्हता. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मापुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळाल्या नाहीत. दर वर्षी १० ऑगस्ट हा दिवस ख्रिस्तसभा काळा दिवस म्हणून पाळते. या पंचाहत्तर वर्षांत केंद्रात वेगवेगळ्या रंगांची सरकारे आली. आदेश तसाच राहिला. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, बाप्तिस्मा घेऊन नित्य उपासनेस जाणाऱ्या व्यक्तीने केवळ आरक्षणासाठी स्वतःस हिंदू म्हणवणे मान्य केले नाही.

हा कायदा गावात कसा उतरतो ते पाहावे. ग्रामपंचायतीतील प्रभाग अनुसूचित जातीसाठी राखीव झाला, तर त्या वस्तीत जन्मलेला आणि तिचेच दुःख भोगलेला ख्रिस्ती माणूस त्या जागेवर उभा राहू शकत नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात म्हणूनच कित्येक घरांत दोन नोंदी असतात. बाप्तिस्म्याच्या वहीत एक धर्म आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरा. त्यांना दांभिक म्हणण्याचा अधिकार, ज्यांना तो दाखला कधी लागला नाही अशा आपल्यांतील सुखवस्तूंना नाही. परंतु या दोन नोंदींमुळेच आपला माणूस पुढाऱ्याच्या मुठीत सापडतो. ज्याला दाखला उघडा पडण्याची भीती आहे, तो मत कोणाला दिले हे घरातही सांगत नाही, आणि दफनभूमीच्या भिंतीपलीकडे काही मागतही नाही.

१९५० चा आदेश बदलणार का, हा प्रश्न दारी येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवारास विचारता येतो. त्यासाठी आपण सर्वांनी एकाच पक्षात असण्याची गरज नाही. दोन पक्षांतील दोन ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी तो आपापल्या पक्षाच्या बैठकीत मांडला, तर एका व्यासपीठावरून दिलेल्या निवेदनापेक्षा तो दूर जाईल. ज्याचा दाखला एकच आहे, त्याने तो आधी मांडावा. दोन दाखल्यांच्या भावाला तोंड उघडणे परवडत नाही.